लगेच म्हणजे किती?

पालवकाका मला पहिल्यांदा दिसले ते पलंगावर आडवे पडलेले. कल्याण पश्चिमेला, नदीच्या बाजूच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत आईला ठेवून तेव्हा अकरा दिवस झाले होते. वसाहतीचं नाव मी लिहीत नाही. तिच्याबद्दल बरंही सांगायचं आहे आणि वाईटही, आणि अशा जागा आता ठाण्यापासून बदलापूरपर्यंत बऱ्याच झाल्या आहेत. आईच्या शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पंचाहत्तरीचे एक सडपातळ गृहस्थ, चपला काढून, पँटची इस्त्री मोडणार नाही अशा बेताने पलंगावर उताणे झोपले होते आणि डावा हात भिंतीकडे ताणत होते. ज्यांचा तो पलंग, त्या बाई खिडकीजवळ चाकांच्या खुर्चीत बसून बाहेर बघत होत्या. दारात मॅनेजरबाई उभ्या होत्या.

"काका, प्लीज उठा ना. कोणी बघेल."

"बघू दे. माझा हात बेलपर्यंत पोचत नाही. माझा नाही, तर हिचा कसा पोचेल?"

"अहो, आमच्या मावशी राउंडला असतात. आवाज दिला की लगेच येतात."

"लगेच म्हणजे किती?"

"लगेच म्हणजे... लगेच!"

काका उठून बसले. शर्टाच्या खिशातून त्यांनी सहा इंची पोलादी पट्टी काढली, भिंतीवर एकदा टेकवली, पुन्हा एकदा टेकवली. "अकरा इंच कमी. नोंद करा." मग त्यांनी वाकून बेल दाबली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. मॅनेजरबाईही उभ्या राहिल्या. मीही. सात मिनिटांनी एक मावशी टॉवेलला हात पुसत आली.

"सात," काका म्हणाले. रागाने नाही. कारखान्यात गज मोजून आकडा सांगावा, तसे.

चार दिवसांत त्या मजल्यावरच्या सगळ्या बेलना लांब वायरी लागल्या. आईच्याही. तिच्या हातापासून बेल किती लांब आहे, हे मी अकरा दिवसांत बघितलंच नव्हतं. मी बघितलं होतं स्वागतकक्षातलं मत्स्यालय, जेवणाचा छापील तक्ता आणि प्रत्येक संडासातली धरायची दांडी. आकड्यांवरच माझं पोट आहे. ऑफिसात दिवसभर तक्तेच करतो. तरी ती एक मोजणी सुचली नव्हती.

पालवकाका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं तपासनीस होते. पाण्याच्या पंपांचे सुटे भाग तिथे व्हायचे. मूळ गाव मालवणकडचं, घर माजिवड्याला, एकुलती मुलगी बंगळुरात. खिडकीजवळच्या त्या बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, सुलभाकाकू. त्यांना पक्षाघाताचे दोन झटके आले. दुसऱ्याने बोलणं नेलं आणि उजवी बाजू नेली. वर्षभर काकांनी घरीच केलं. एका सकाळी न्हाणीघरात त्यांना उचलताना दोघंही पडले. "दीड तास पडून होतो," ते मला म्हणाले होते. "हिच्या डोक्याखाली माझा हात होता, म्हणून फोन घेता येईना. दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा ओरडलो. त्या दीड तासात ठरवलं." इथे आणून ठेवणाऱ्या प्रत्येकाचा असा एक दीड तास असतो. माझाही आहे. पण तो पुन्हा कधीतरी.

ते रोज यायचे. माजिवड्याहून बस, मग शेअर रिक्षा. पण वेळ ठरलेली नसे. आज अकरा, उद्या साडेआठ, परवा थेट चार. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तपासनीस कधी येणार हे माहीत असलं, तर माल त्या वेळेपुरता चांगला असतो." खोलीत शिरताना मात्र एकच वाक्य, तेही मालवणीत, जे ते आमच्याशी कधी बोलत नसत. "इलंय गो." काकू वळून बघत नसत. काका खुर्ची ओढून बसत आणि ती पोलादी पट्टी त्यांच्या डाव्या हातात देत. काकूंचा अंगठा पट्टीवरच्या रेघांवरून सावकाश पुढे-मागे फिरत राही. चांगली जुनी ओळख असल्यासारखा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी नातेवाइकांची बैठक असे. चहा, बिस्किटं, मागच्या महिन्याच्या कार्यक्रमांचे फोटो. आम्ही सगळे तिथे फार गोड बोलायचो. आपलं माणूस यांच्या हातात आहे, मग यांना दुखवायचं कसं, ही भीती आम्हा सगळ्यांना होती आणि कोणी ती बोलून दाखवत नव्हतं. म्हणून तक्रारी कशाच्या, तर पडद्यांच्या रंगाच्या. उपम्यात मटार नसल्याच्या. वायफायच्या. एकदा एक सूनबाई ग्रुपवरच्या फोटोंबद्दल मॅनेजरबाईंचे आभार मानत होत्या. "रोज फोटो येतो, सासूबाई हसताना दिसतात, आम्हाला किती रिलीफ!"

काका मागून म्हणाले, "फोटोत टाचा दिसत नाहीत."

सूनबाई मागे वळल्या. काका उभे राहिले. "मी कोणावर आरोप करत नाही. आपण सगळे रविवारी येतो. म्हणून रविवारी सगळ्यांच्या अंघोळी झालेल्या असतात, नखं कापलेली असतात. मंगळवारी या. बुधवारी या. आणि फक्त आपलंच माणूस बघू नका, आठही खोल्या बघा. आपलं माणूस बघताना आपल्याला रडू येतं, मग काही दिसत नाही. दुसऱ्याचं नीट दिसतं."

त्या मजल्यावर आठ खोल्या होत्या. आठ कुटुंबांनी वार वाटून घेतले, रविवार दोघांनी मिळून; मला मंगळवार आला. काय बघायचं ते काकांनी पाच कलमांत सांगितलं आणि मी ते टाइप करून सगळ्यांना दिलं. नखं. टाचा, कारण पडून राहणाऱ्याला जखम आधी तिथेच होते. पाणी हाताशी आहे का. चष्मा पुसलेला आहे का. कानातलं मशीन चालू आहे का. बस. कागदाच्या तळाशी माझा फोन नंबर होता, कारण काकांना मेसेज करणं आवडत नसे.

चष्म्याचं कलम मला आधी क्षुल्लक वाटलं होतं. पहिल्याच मंगळवारी आठांपैकी पाच चष्मे धुरकट निघाले. एक आजोबा तीन महिने पेपर वाचत नव्हते. घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून ते 'आता रस असा उरला नाही' यात घातलं होतं. मी त्यांच्याच धोतराच्या सोग्याने काच पुसली, तर म्हणाले, "अरे, तू होय! मला वाटलं, फिजिओथेरपीवाला."

आईला हा प्रकार मुळीच आवडला नाही. ती एक्याऐंशीची, खुब्याचं हाड मोडलेलं, पण जीभ शाबूत. "आला तुमचा इन्स्पेक्टर," ती म्हणायची. "हात पुढे करा, नखं दाखवा. चौथीत होते तेव्हा शेवटची दाखवली होती." पण काका दारात आले की तीच आधी हात पुढे करायची. काका वाकून बघायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "पास." ते गेल्यावर आई चार वेळा नखांकडे बघायची.

दोन-तीन महिन्यांत फरक पडला. मावशींची ये-जा वाढली, बेल दाबल्यावरची सात मिनिटं चारावर आली, चाराची तीन झाली. मॅनेजरबाई काकांना बघून आधी जिन्याने जायच्या, त्या आता थांबून बोलू लागल्या. मीही खूष होतो. आमच्या तक्त्याने काहीतरी होत होतं. पुढे जे झालं त्याला हा खूषपणाच कारणीभूत आहे, असं मला वाटतं.

काकूंना पाणी कमी पडतंय अशी काकांना शंका आली. ओठ कोरडे वाटत होते. त्यांनी काकूंच्या सिपरच्या बाटलीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर बारीक पेनाने खुणा केल्या, शंभर-शंभर मिलीलिटरच्या. सकाळची मावशी जाताना पातळी कुठे, दुपारची आली तेव्हा कुठे, ती गेली तेव्हा कुठे. जो ज्या वारी येई तो खूण बघून मला फोनवर कळवी. मी लिहून घेई. नऊ दिवसांचे आकडे स्वच्छ होते. सकाळी पातळी चारशे-साडेचारशे उतरायची. दुपारी दोन ते रात्री आठ, जेमतेम पन्नास. कधी तेवढंही नाही.

दुपारची मावशी म्हणजे रंजना. मुरबाडकडची, चाळिशीची, बोलायला फटकळ. आईला तिच्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "बरी आहे रे. त्या सुलभाबाईंजवळ तास तास बसलेली असते."

बसलेली असते. तेही मी लिहून घेतलं.

मी आलेख काढला. सकाळचा खांब उंच, दुपारचा ठेंगणा. काकांनी तो मॅनेजरबाईंपुढे ठेवला. त्यांनी तो बघून ठेवून घेतला. आकड्यांशी माणसं वाद घालत नाहीत, हे मला ऑफिसातून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी रंजनाला खाली धुलाईच्या खोलीत पाठवलं आणि दुपारला नवी मुलगी आली, तत्पर, हसरी. बाटलीची पातळी संध्याकाळपर्यंत साडेतीनशे उतरू लागली. काकांनी मला स्वतःहून फोन केला, जो ते कधी करत नसत. "सुधारणा आहे. नोंद करा."

सहाव्या दिवशी काकूंना ताप भरला. छाती घरघरू लागली. रुग्णालयात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पाणी अन्ननलिकेत जाण्याऐवजी थोडं थोडं श्वासनलिकेत जातंय. झटक्यानंतर गिळणं असं कमकुवत होतं. "आजवर छाती भरली नाही, हेच आश्चर्य. कोण पाजत होतं? कशाने?"

काका म्हणाले, "बाटलीने. पण सकाळी फक्त... " आणि थांबले.

मी तिथेच होतो. आम्हा दोघांनाही एकाच वेळी सुचलं असावं, कारण आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही धुलाईच्या खोलीत गेलो. रंजना चादरींच्या घड्या घालत होती. काकांनी विचारलं, "बाई, तुम्ही हिला पाणी कसं द्यायचात?"

"मी? चमच्याने. पेजेत कालवून. बाटलीने ठसका लागतो त्यांना, डोळ्यांत पाणी येतं. मग मी किचनमधून वाटी आणायची, भाताची पेज जरा दाट, त्यात पाणी. एक वाटी संपायला अर्धा तास. अशा तीन वाट्या. सकाळच्या पोरीलापण बोलली मी, ती बोलली एवढा टाइम कुणाला आहे."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कोणाला सांगू? कागदावर बाटली लिवलंय. मी माझ्या मनाने वेगळं देते असं बोलली असती तर एजन्सीने काढली असती. आणि तुम्ही माणसं आलात की आम्ही बाहेर जातो, तुम्हाला दिसणार कसं?" तिने घडी मोडली आणि पुन्हा घातली. "काका, तुम्ही बाटलीला विचारलंत. मला कुठे विचारलंत?"

काकांनी खिशाकडे हात नेला. तिथे पट्टी होती. त्यांनी ती बाहेर काढली नाही.

काकू सहा दिवसांनी परत आल्या, बऱ्याच खंगून. त्याच्या आदल्या दिवशी काका मॅनेजरबाईंकडे गेले आणि रंजनाला वर परत मागितलं. नंतर त्यांनी फळ्यावर एक लाल कागद लावला, जेवणाच्या तक्त्याशेजारी. त्यांच्या कारखान्यात म्हणे रीत होती. नापास मालावर लाल चिठ्ठी लागायची, आणि तपासनिसाने चुकून चांगला माल नापास केला असेल तर त्याने लाल चिठ्ठीवर आपलं नाव लिहून ती सात दिवस खात्याच्या फळ्यावर लावायची. कामगार येता-जाता वाचायचे. छत्तीस वर्षांत काकांची चिठ्ठी दोनदा लागली होती. ही तिसरी. चिठ्ठीत लिहिलं होतं, "रंजनाबाई चमच्याने देत असलेले पाणी मी मोजले नाही आणि त्यांना नापास केले. चूक तपासणीची. व. पालव."

मॅनेजरबाईंनी ती संध्याकाळीच काढली. "काका, नवीन फॅमिलीज बघायला येतात. काय इम्प्रेशन पडेल?"

"चांगलं पडेल," काका म्हणाले, आणि दुसरी लावली. तीही काढली गेली. त्यांच्या पिशवीत सात होत्या, आधीच लिहून आणलेल्या. तिसरी मात्र राहिली.

मी ती रोज वाचत होतो. आलेख माझा होता. 'बसलेली असते' हे वाक्य माझ्या वहीत होतं. चौथ्या दिवशी मी त्या चिठ्ठीखाली सही केली, बारीक अक्षरात, कोणी नसताना. काकांना ती दिसली असणारच. 

त्यानंतरचे काका मला जास्त आठवतात. ते दुपारीच येऊ लागले, रोज दोनला, घड्याळ लावून. आता वेळ न सांगता येणं बंद. पहिल्या दिवशी रंजना सवयीने बाहेर निघाली तर म्हणाले, "तुम्ही कुठे चाललात? मी शिकायला आलोय." आणि खरंच शिकले. मंगळवारी मी जायचो तेव्हा दाराशी उभा राहून बघायचो. काकूंची हनुवटी जरा खाली. अर्धाच चमचा. जिभेच्या मध्यावर. मग थांबायचं.

"किती थांबायचं?" काकांनी विचारलं.

"मोजायचं नाही, काका. गळ्याकडे बघायचं. गळा हलला की पुढचा."

"पण साधारण किती सेकंद?"

"अरे देवा! काका, कधी दोन, कधी वीस. त्यांची मर्जी." मग ती काकूंकडे वळली. "हो की नाय ओ काकू? आयुष्यभर असंच मोजत बसले का हे?"

काकूंचं तोंड डावीकडून किंचित वर गेलं. डॉक्टर म्हणतील तो स्नायूंचा खेळ. काकांनी चमचा खाली ठेवला.

काकांना जमायला तीन आठवडे लागले. मग त्यांनी रंजनाकडून सकाळच्या मावशीला शिकवून घेतलं, नंतर दोन्ही बदलीच्या मावशींना. वसाहतीच्या कागदावरचं 'बाटलीने' खोडून घेतलं. आमच्या पाच कलमांत त्यांनी सहावं घालायला सांगितलं आणि मला टाइप करताना मजकूर दोनदा बदलायला लावला. शेवटी ते असं झालं: 'मावशीला विचारा, काय चाललंय.'

ही घाई कशासाठी होती, ते मला उशिरा कळलं. जिना चढताना ते मधेच थांबायचे, भिंतीवरची सूचना वाचत असल्यासारखे. एकदा मीच विचारलं. "हृदयाची झडप गळते आहे," ते म्हणाले. "पंपाची असती तर बदलली असती. या वयात डॉक्टर हात लावायला तयार नाहीत." आणि लगेच, "हिला यातलं काही कळता कामा नये. तिला सगळं कळतं." मग थोड्या वेळाने, मला नव्हे, जिन्यालाच म्हटल्यासारखं, "मी नसताना दुपारची वाटी संपते का, एवढंच बघायचं राहिलंय."

त्यांच्या मुलीचा फोन आला तो एका शुक्रवारी दुपारी. नंबर तिला सहा कलमांच्या कागदावर मिळाला होता. काका घरीच गेले, खुर्चीत. मी वसाहतीत गेलो तेव्हा रंजनाला कळलेलं होतं. काकूंना सांगायचं की नाही, यावर मुलगी आणि मॅनेजरबाई फोनवर बोलत होत्या. रंजना मला बाजूला घेऊन म्हणाली, "मी सांगितलं त्यांना. कोणीतरी सांगायला पायजे ना. आज वाटीला सव्वा तास लागला."

आई अजून तिथेच आहे. मंगळवारी मी आठही खोल्या फिरतो. आई हात पुढे करते, मी 'पास' म्हणतो, आणि ती म्हणते, "त्यांच्यासारखं नाही येत तुला."

काकांना मी शेवटचं पाहिलं ते जाण्याच्या तीन दिवस आधी, मंगळवारीच. तीन वाजायला आले होते. काकूंची वाटी निम्मी झाली होती आणि चमचा रंजनाच्या हातात होता. काका खुर्चीत बसून बघत होते. पट्टी काकूंच्या मुठीत होती. आजवर ते वाटी संपून, तोंड पुसून, बेल काकूंच्या डाव्या हाताखाली आली की मगच उठायचे.

रंजना मान न वळवता म्हणाली, "काका, तुमची बस जाईल. निघा तुम्ही. मी आहे."

मी दारात होतो. ते विचारणार, हे मला पक्कं माहीत होतं. आहे म्हणजे किती वाजेपर्यंत? मी मनातल्या मनात त्यांच्याआधी विचारूनही टाकलं.

काका उठले. काकूंच्या गळ्याकडे बघत उभे राहिले. गळा हलला. रंजनाने पुढचा चमचा भरला.

"बरं," काका म्हणाले, आणि चपला घालून निघाले. वाटी अजून निम्मी होती.